उभ्या पिकातला राब

चैत्र उतरणीला लागला की पूर्वी आमच्या मुळशीच्या खोऱ्यात डोंगर नीट दिसत नसत. उतारावर, ओढ्याकाठी, घरामागच्या तुकड्यावर, जिकडं बघावं तिकडं राब, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागा, भाजत असायचे. सगळ्यांचा धूर एक होऊन खोऱ्यात भरून राहायचा. आता तसं होत नाही. बऱ्याच उतारांना तारेची कुंपणं पडली आणि कुंपणाआड बंगले आले. जे अजून भात करतात त्यांतल्या बऱ्याच जणांनी रोपं तयार करायच्या नव्या रीती घेतल्या. म्हणून परवा घोटावड्याकडून येताना एका कारखान्याच्या पत्र्यामागून धूर सरपटताना दिसला, तेव्हा मी चालत्या गाडीची काच खाली करायला लावली.

चुलीचा धूर वर जातो. कचऱ्याचा धूर घशात अडकतो. राबाचा धूर जड असतो, तो जमीन सोडत नाही. त्यात आधी शेण कळतं, मग ऐनाचा पाला, आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या मातीचा वास येतो, कोऱ्या मडक्यात पाणी ओतल्यावर येतो तसा. साठच्या दशकातला एक उन्हाळा माझ्यासाठी त्या वासाला चिकटलेला आहे.

गाडी सुजाता चालवत होती. सुजाता माझ्या थोरल्या भावाची नात. उरवड्याच्या एका कारखान्यात ती हिशेबाचं काम करते. गेल्या महिन्यात तिच्या स्तनात गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर ठरला, आणि आता तिचं केमो सुरू व्हायचं आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, घरात आधी कुणाला झालं होतं का.

"मी आजीचं सांगितलं," सुजाता म्हणाली. "म्हटलं, आजीला पण हेच होतं. पण ती लाजली, कुणाला बोलली नाही, म्हणून उशीर झाला. बरोबर ना, आबा? पप्पा तसंच सांगायचे."

मी म्हटलं, "गाडी जरा बाजूला घे."

तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या वहिनीचं, त्या उन्हाळ्यात काय झालं हे पाहिलेला आता मी एकटाच उरलो आहे. रस्त्याच्या कडेला थांबून सुजाताला जे सांगितलं ते इथं लिहितो आहे, कारण चुकीची गोष्ट काही तिला एकटीलाच ठाऊक नाही. ती आमच्या सगळ्या भावकीत पोचली आहे, आणि ती पोचत असताना मी गप्प होतो.

दादा, माझा भाऊ, मुंबईत डबे वाहायचा. आमच्या खोऱ्यातली कितीतरी माणसं तेच करायची. जत्रेला यायचं, पेरणी-लावणीला यायचं, बाकीचं वर्ष लोकांची जेवणं डोक्यावर. मी गावात मास्तर होतो. शेत वहिनी बघायची, गुरं बघायची, आणि उरलेल्या वेळात प्रश्न विचारायची. तिला चौकशीची विलक्षण खोड होती. पौडाच्या स्टँडवर ड्रायव्हर एसटीच्या नाकाडात पाणी ओतायला लागला की ही पुढं जाऊन विचारायची, "हिला कशानं तहान लागती वो? बसून तर आमी येतो, तापती ही." ड्रायव्हर चिडायचे, पण सांगायचे. ऐकून झालं की ती दिवसभर त्याच विचारात असायची.

राब तिच्या हातचा असायचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं बी जिथं टाकायचं ती जागा आधी भाजून काढतात. तळाला शेण, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, त्यावर वाळकं गवत आणि पाचोळा, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. चिमूटभर धूळ सोडून ती वारा बघायची आणि वाऱ्याच्या तोंडाशी आग लावण्याऐवजी पलीकडच्या टोकाला लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, हळूहळू सरकते. ती वाऱ्याबरोबर पळाली तर वरचं गवत जळून जातं आणि खालचं तणाचं बी तसंच राहतं. भाजून झालं की राखेवर गुरांना पाऊल टाकू द्यायचं नाही, आणि पेरणीआधी पाणी लागू द्यायचं नाही. एखादा वळीव पडून राख वाहून गेली तर बाया कपाळाला हात लावायच्या.

त्या वर्षी होळीच्या सुमारास, टहाळाचे भारे वाहणं चालू होतं तेव्हा, एका सकाळी ती ओसरीच्या खांबाशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, पौडाला जाताय तर मला बी दवाखान्यात न्या."

"काय झालं?"

"थानात गाठ हाय. दुखत न्हाई. पन जात बी न्हाई."

इतकं सरळ. जसं तिनं म्हटलं असतं की कणगीत उंदीर शिरलाय. मी जमिनीकडं बघत "बरं" म्हणालो. ती अजून उभी होती. मला वाटतं तिला आणखी काही विचारावंसं वाटत होतं, आणि मी मान वर केली असती तर तिनं विचारलं असतं.

पौडाच्या दवाखान्यात त्या दिवशी बाजारामुळं गर्दी होती. बाकावर माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील बसले होते. त्यांनी उठून रामराम केला. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच विचारलं, "काय होतंय?" वहिनी माझ्या मागं पदर सावरून उभी होती. बोलायचं मी, कारण शिकलेला मी. तिनं दिलेला शब्द तोंडात तयार होता. तो ओठांपर्यंत आला आणि बाहेर पडताना दुसराच पडला.

"काखेत गाठ आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी काख चाचपली. फारसं काही हाताला लागलं नाही. मलम दिलं, गोळ्या दिल्या, कमी नाही झालं तर परत या म्हणाले. सांगितलं तेवढं त्या माणसानं नीट पाहिलं. त्यांचा काही दोष नव्हता.

परतताना आम्ही नदीशी पोचलो. तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी काखंत कुटं म्हटलं वो?"

"जवळच आहे की."

"जवळ तर हायच. घोटावडं बी पिरंगुटाच्या जवळ हाय. म्हनून पिरंगुटाला जायचं तर कुनी घोटावड्याला जातंय व्हय?"

मी चालण्याचा वेग वाढवला. तिनं मागून विचारलं, "मग हे मलम काखंत लावू, का गाठीवर लावू?"

पुढं पुष्कळ वर्षांनी मला एक विचार सुचला आणि मग तो सुटेना. म्हशीच्या कासेत गाठ झाली असती तर मी भर चावडीत, चार माणसांसमोर, कुठल्या सडाला, किती मोठी, दूध कसं येतं, सगळं सांगितलं असतं. कुणाला काही वाटलं नसतं. मलाही नाही.

वहिनी स्वतः तिथंच का बोलली नाही? हे मी तिला नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, "म्हटलं, शिकलेला मानूस हाय, दवाखान्यात बोलायची अशीच काय तरी रीत असंल." म्हणजे तिला तो खोटेपणा वाटलाच नाही. तिला ती एक पद्धत वाटली, आणि पद्धत का आहे हे ती वाटेत विचारत होती.

मलम संपलं. गाठ राहिली. पाडवा होऊन गेला आणि राब भाजायचे दिवस आले. तिनं तो भाजला. एकेका गड्याला हटकत, वारा बघत, पायानं ढेकळं फोडत. त्या वर्षीचा राब इतका सारखा भाजला होता की शेजारचे लोक बघून गेले. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन, केसांतली राख धुऊन ती समोर आली.

"चला पौडाला. गाठ वाढलीया, वरची कातडी आत वडल्यागत दिसतीया. आज मी बोलते."

आणि बोलली. तोच बाक होता, तशीच माणसं होती. "डाक्टर, काखंत न्हाई, थानात हाय. मागल्या टायमाला ह्यांची जीभ वळली न्हाई." बाकावरचं कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपल्या पत्नीला आतून बोलावलं, वहिनीला पडद्याआड नेलं, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ हात धूत राहिले.

"यांचे मालक कुठं असतात?"

"मुंबईला."

"मग मुंबईलाच न्या. लावणीची वगैरे वाट बघू नका."

सुजातानं इथं मला थांबवलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती. "म्हणजे आजीनं आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं. मला."

एक सिमेंटचा ट्रक गेला, गाडी हलली. मग ती म्हणाली, "मी पण पहिले पंधरा दिवस कुणाला बोलले नव्हते, आबा. मला वाटत होतं, आपल्या घरातलंच आहे हे, न बोलणं."

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. मी पुढं सांगत राहिलो, तेवढंच जमलं.

मुंबईत दादाची खोली म्हणजे आमच्याच खोऱ्यातल्या साताठ डबेवाल्यांची खोली. आम्ही पोचलो तशी सगळी माणसं आपापली अंथरुणं उचलून बाहेरच्या गॅलरीत गेली. त्यांचा मुकादम सखारामतात्या दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, खोली तुमची. फकस्त एक हाय, जगाला जेवान पोचवनारी मानसं हायेत ही, पन हितं एकाला भाकरी थापता येत न्हाई." आल्या पायी तिनं परात मागितली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत त्या माणसांनी गरम भाकरी खाल्ली, आणि प्रत्येकानं मान खाली घालून खाल्ली.

इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, चष्मा, बोलणं तुटक. शस्त्रक्रिया झाल्यावर चार शब्द बोलण्याइतकी ताकद आली तशी वहिनीनं त्यांना विचारलं, "काढलेली गाठ कुटं हाय?"

"तपासायला पाठवली."

"मला बघायची व्हती. माझ्या अंगात वाढली, मलाच म्हाईत न्हाई कशी हाय ती."

बाई पलंगाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "कडक होती. खडबडीत. कच्च्या करवंदांचा घोस हाताला लागावा तशी."

"पिकायच्या आदी तोडली म्हनायची," वहिनी म्हणाली आणि टाके ओढले म्हणून हसू आवरून घेतलं.

मला त्यांनी बाहेर बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली. काखेतल्या ग्रंथींतही रोग पोचला होता, त्याही काढल्या होत्या.

काखेत. त्या लांबलचक व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मी पौडाला जे खोटं सांगितलं ते तिच्या शरीरानं खरं करून दाखवलं, असं मला वाटलं. पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. मी धीर करून बाईंना विचारलं, महिनाभर आधी आणली असती तर? त्या म्हणाल्या, "तेव्हाच पोचलेला असेल, किंवा नसेल. सांगता येत नाही." त्यांनी मला सोडवायला किंवा अडकवायला तसं म्हटलं नव्हतं. खरंच सांगता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी दादा आणि तात्या भेटायला आले. दादा पलंगाच्या पायथ्याशी बसला. "इतकं दिस काय केलं?" त्यानं हवेतच विचारलं. मी पाण्याचं फुलपात्र धरून उभा होतो. मी तोंड उघडायच्या आत तात्या समजुतीनं म्हणाला, "बाईमानूस हाय. लाजली असंल."

वहिनी जागी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं. मी फुलपात्र स्टुलावर ठेवलं. बस, इतकंच झालं. पण डबेवाले पेरणीला गावी येतात, जत्रेला येतात, आणि त्यांच्याबरोबर ते वाक्य घरोघर पोचलं. प्रत्येक घरात ते दयेनं बोललं गेलं, म्हणून त्याला कुणी आक्षेप घेतला नाही.

जखम भरल्यावर इंजेक्शनं सुरू करायची ठरली, दोन टप्प्यांत. त्यालाच आज सुजाता सहज 'केमो' म्हणते. तेव्हा आम्हाला ते फक्त नवं औषध होतं. बाईंनी पलंगावर बसून समजावलं: अंगात जे जे भराभर वाढतं ते हे औषध मारतं. गाठीचं बी कुठं सांडलं असेल तर ते मरावं. पण केसही भराभर वाढतात, ते जातील. तोंड येईल, पोटात ढवळेल.

वहिनीचे डोळे चमकले. "म्हंजी राब."

बाईंना कळलं नाही. मी पुढं सरसावून राब म्हणजे काय ते सांगितलं, थर, आग, तण, सगळं. शाळेतल्यापेक्षा चांगलं सांगितलं. उपमा वहिनीची होती आणि छाती माझी फुगली होती. मी सांगत होतो तोवर वहिनी मात्र विचारात पडली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "राबात पीक नसतं. मोकळी जागा भाजायची, मंग बी टाकायचं. हितं तर उभ्या पिकात राब पेटवायचाय तुमाला."

"हो," बाई म्हणाल्या. "अवघड तेच आहे. म्हणून थोडं थोडं देतो. पीक तग धरेल इतकंच."

"आन् न्हाई धरला तर?"

"तर थांबू."

"आन् थांबलं, आन् तन ऱ्हायलं तर?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे औषध आम्हालाही नवीन आहे. खात्री मी देऊ शकत नाही."

"बरं झालं सांगितलं," वहिनी म्हणाली. "द्या मंग."

वॉर्डातल्या बाकीच्या बायका सुई टोचताना तोंड फिरवायच्या. वहिनी वाकून बघायची. "गार लागतंय," ती मला सांगायची, "कोपरापातूर गेलेलं कळतंय. पुढं कुटं गेलं ते कळंना." जणू औषध एक वाटसरू होता आणि तो कुठल्या फाट्यावरून दिसेनासा झाला हे तिला शोधायचं होतं.

उलट्या झाल्या. जेवण जाईना. ते सगळं सांगितल्याप्रमाणं होत होतं म्हणून ती शांत होती. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची लघवी लालसर व्हायला लागली, आग व्हायला लागली. ते तिनं नर्सला लगेच सांगितलं. डॉक्टरीणबाई आल्या. स्टुलावरचा तांब्या त्यांनी उचलून पाहिला. तो काठोकाठ भरलेला होता.

"पाणी पीत नाही तुम्ही? भरपूर प्यायचं म्हणून सांगितलं होतं ना?"

वहिनीनं त्यांना समजावून सांगितलं, जसं एखाद्या नवख्या सुनेला सांगावं. राखेला पाणी लागू द्यायचं नसतं. आत औषधानं भाजायचं काम चाललंय, वरून पाणी ओतलं तर सगळं वाहून जाईल. म्हणून घसा कोरडा पडला तरी ती नुसता ओठ भिजवत होती. मी शेजारीच होतो. दोन दिवस मी ते बघत होतो आणि मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. उपमा इतकी छान बसली होती.

बाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "वाहूनच जायला हवंय ते. काम झालं की औषध अंगात राहता कामा नये, नाहीतर लघवीची पिशवी भाजते. तुमच्या जमिनीला लघवी होत नाही, बाई. तुम्हाला होते."

वहिनी हसायला लागली. इस्पितळात आल्यापासून ती पहिल्यांदाच इतकी हसली, व्रण ओढतो याची पर्वा न करता. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. तांब्या तोंडाला लावून वहिनीनं तो अर्धा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, आता राब म्हनायचं न्हाई."

"मग काय म्हणायचं?"

"इंजेक्शन म्हनायचं."

मी पुढं आयुष्यभर थोडंफार लिहीत आलो. ऋतूंवर, झाडांवर, नदीवर. एखादी उपमा सुचली की अजून आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या मागोमाग तो भरलेला तांब्या दिसतो. त्या उपमेनं वहिनीला धीर दिला होता हे खरं आहे. त्या भरवशावरच ती औषधाला सामोरी गेली. पण उपमेला स्वतःची एक ओढ असते, ती जिथं लागू नाही तिथंही चालत राहते, आणि ज्याला ती आवडते तो तिच्या मागं जातो. वहिनीनं ती एका घोटात सोडून दिली. मला ते कधी जमलं नाही.

सुजाता हे ऐकून हसली होती, अगदी आजीसारखी नाही, पण हसली. "मला पण पाण्याचं सांगितलंय," म्हणाली, आणि दाराच्या कप्प्यातली बाटली काढून दोन घोट प्याली.

पहिला टप्पा संपवून वहिनी गावी आली तेव्हा राबात बी टाकायची घाई चालली होती. डोकीवर पदर घट्ट. विहिरीवर पारूबाईनं टोमणा मारलाच, "का गं, नवी नवरी हायेस व्हय, येवढं डोकं झाकलंस ते?"

वहिनीनं पदर डोक्यावरून खाली घेतला. डोक्यावर एक केस नव्हता.

"अगं बाई, दाल्ला जिता हाय न्हवं?" कुणीतरी पुटपुटलं.

"जिता हाय, डबं वाहतोय," वहिनी म्हणाली. "इंजेक्शनानं गेल्यात केस. या की, हात लावून बघा. मला बी लई दिस वाटत व्हतं, बिनकेसाचं डोकं हाताला कसं लागतं."

दोघी-तिघींनी लावला. एक म्हणाली, तान्ह्या पोरासारखं लागतं. पारूबाई मात्र मागं सरकली, आणि त्या दिवसापासून ती वहिनीच्या आधी पाणी भरून जायला लागली. वहिनीच्या मागून तिनं पोहरा विहिरीत सोडला नाही. वहिनीनं ते पाहिलं होतं. घरी येऊन एवढंच म्हणाली, "तिला भ्या वाटतंय. मला बी वाटतंय, पन मी कुनाच्या मागनं पानी भरू?"

दादा पेरणीला आला. बायकोकडं बघून त्याला धक्का बसला असावा. जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "बास झालं. पुन्ना न्हाई नेत मी तुला. काय व्हायचं ते हितं हू दे, घरात तरी असशील."

दुसरा टप्पा घ्यायचा की नाही, हे त्या ताटावर ठरत होतं. तिचं वजन उतरलं होतं. चार पावलं चालली की ती बांधावर बसायची. मी दादाच्या बाजूनं होतो हे सांगितलं पाहिजे. मलाही वाटत होतं, पुरे.

"अर्धं औषीद घेतलंय," वहिनी म्हणाली. "अर्ध्यावर सोडलं तर काय व्हतं, मी इचारलंय डाक्टरीनबाईला. म्हनल्या, सांगता येत न्हाई. पुरं घेतलं तर काय व्हतं? त्ये बी सांगता येत न्हाई म्हनल्या. मंग पुरं घिऊनच बघते."

"बघाया काय जत्रा हाय व्हय ती?" दादा चिडून म्हणाला.

"माझं अंग हाय त्ये. मी न्हाई बघायचं तर कुनी?"

दादा ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाताना तो इतकंच म्हणाला, "स्टेशनावर येतो मी. कवा येनार ते तात्याकडं सांगावा धाड."

ती गेली. औषध पुरं केलं. त्यानंतर ती दहा-बारा वर्षं जगली, राब भाजले, लावण्या केल्या, सुजाताच्या बापाला मिसरूड फुटलेलं पाहिलं, आणि पुढं तो रोग उलटला तेव्हा तोही तिनं नाव घेऊन सांगितला. औषधानं ती वाचली का, की वाचणारच होती? काखेतल्या त्या महिन्याची किंमत तिनं शेवटी भरली का? मी आता नव्वदीला आलो आणि मला अजून हे जाणून घ्यावंसं वाटतं. सुजातानं घरी गेल्यावर पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून आधी दिलेली माहिती बदलून घेतली. आजीनं स्वतः ओळखलं होतं, लगेच सांगितलं होतं, उशीर दुसऱ्यामुळं झाला, असं तिनं सांगितलं. दुसरा कोण हे त्यांनी विचारलं नाही म्हणे.

ती दुसऱ्यांदा निघाली त्या सकाळी मी तिच्याबरोबर पौडापर्यंत चालत गेलो. मुंबईपर्यंत येतो म्हणालो होतो. "नगं," ती म्हणाली, "माझं मी बोलीन." वाटेत ती तीनदा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, तात्या म्हणाले, लाजली असंल. तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?"

तिनं पायातला काटा बघावा तसं खाली पाहिलं.

"तुमी बोलाल म्हनून थांबले व्हते," ती म्हणाली, आणि उठून चालायला लागली.

स्टँडवर गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली. शेजारी टोपलीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी होती. मी बाहेर, खिडकीखाली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "पुण्याला कुनाकडं?"

"पुन्याला न्हाई, पुढं मुंबईला. इस्पितळात."

"कोन आजारी हाय?"

"मीच. कॅन्सर हाय मला, थानात. इंजेक्शनं घ्यायला चाललीया."

म्हातारीनं टोपली उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली आणि अंग चोरलं. मला वाटलं आता ती उठणार. ती उठली नाही. तिनं वहिनीच्या डोक्याकडं पाहिलं, मग छातीकडं, मग पुन्हा तोंडाकडं, आणि अगदी हळू काहीतरी विचारलं. वहिनीनं उत्तर दिलं. म्हातारी जवळ सरकली, आणखी काहीतरी विचारलं, आणि आपला हात पदराआड स्वतःच्याच उराशी नेला. वहिनीनं तिचा हात धरून जरा बाजूला सरकवला आणि दाबून दाखवला, असा, इथं.

गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द ऐकू येईना. फक्त दोन डोकी दिसत होती, एकमेकींकडं झुकलेली. स्टँड संपून रस्ता वळतो तिथपर्यंत मी गाडीबरोबर चालत गेलो, काही ऐकू येतंय का बघत.